पाडव्याचा कडुनिंब धान्याच्या कोठीत

चैत्र शुद्ध प्रतिपदेस सूर्यास्तापूर्वी गुढी उतरविल्यावर तिची कडुनिंबाची डहाळी टाकून देऊ नये. पाला सावलीत पूर्ण वाळवावा; ओलावा राहिल्यास धान्यास बुरशी लागते. बेगमीचा गहू कडक उन्हात वाळवून, निवल्यावर कोठीत भरताना थराथरांत हा पाला घालावा. कडुनिंबातील अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीची भूक व वाढ रोखते. पानांत ते निंबोळीहून कमी असते. म्हणून धान्यास ऊन देणे आवश्यकच. तूरडाळीस एरंडेल चोळावे.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरच्या धान्यात कदापि घालू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू किडीप्रमाणे माणसाचाही प्राण घेतो. ज्या कोठीतून देवाचा नैवेद्य निघतो, तिच्यात विषास थारा नसावा.