द्राक्षे आपली, पारख कोणाची?

कसारा घाट उतरून द्राक्षाची गाडी मुलुंडच्या नाक्यावरून मुंबईत शिरते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच रस्त्याने बाटलीत बसून जाणारी द्राक्षे पुढे कोण घेते आणि काय बघून घेते, हे निफाड-दिंडोरीच्या किती बागायतदारांनी पाहिले आहे? मुंबईला काम निघाले तर अंधेरी किंवा बोरिवलीच्या एखाद्या मोठ्या वाईनच्या दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहा. फळीवर बाटल्यांची रांग. नावे परदेशी, अक्षर बारीक. पहिल्यांदाच घेणारे गिऱ्हाईक गोंधळते आणि शेवटी नुसती किंमत बघून बाटली उचलते. शेतकरी बंधूंनो, आपल्या मालाचे नशीब तिथे ठरते.

हे उगीच म्हणत नाही. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क झाले. अनेकांनी करार करून वाईनच्या वेली लावल्या. मग २००८ ची मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेले ओस पडली आणि खप बसला. वायनरीच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि माल उचलताना हात आखडला. थॉमसन एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाचे तसे नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. बाजारात तिला कोणी विचारत नाही. कितीतरी जणांनी उभ्या बागा तोडल्या.

तेव्हा ज्याच्या जिभेवर आपला भाव ठरतो, त्याची जीभ आपणही ओळखली पाहिजे.

वाईन म्हणजे साहेबाची गोष्ट, असे आपण समजतो. पण मुंबईच्या उपनगरातच बघा ना. अंधेरीकडचे मरोळ, कोंडिविटा, आंबोली, बोरिवलीच्या खाडीपलीकडचे गोराई ही जुनी गावठाणे. इथला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज मूळचा भातशेती करणारा, घरात आपल्या वळणाची मराठी बोलणारा. नाताळासाठी आणि लग्नकार्यासाठी त्यांच्या घरी वाईन लावायची रीत आहे. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर, पाणी, यीस्ट आणि मूठभर गहू बरणीत घालून रोज ढवळायचे आणि साधारण तीन आठवड्यांनी गाळायचे. यात साखर का लागते? खायच्या द्राक्षात पुरेशी गोडी नसते म्हणून. वायनरी तीच गोडी वेलीवर मागते. २२ ब्रिक्सच्या रसापासून सुमारे १२ टक्के अल्कोहोलची वाईन होते, कारण यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करते. तोडणीच्या वेळी ब्रिक्सवरून वाद का होतो, त्याचे उत्तर या बरणीत आहे.

आता पहिली बाटली कशी निवडावी? लेबलावर चार गोष्टी बघा : द्राक्षाची जात, साल, गाव आणि अल्कोहोलचे प्रमाण. नवख्याने पांढऱ्या शेनिन ब्लांकपासून सुरुवात करावी. ती हलकी असते, बहुधा किंचित गोड लागते. त्यानंतर सोव्हिन्यो ब्लांक, मग तांबडी शिराझ. जुनी तितकी चांगली हा समज सोडा. आपल्याकडची साधी पांढरी वाईन ताजीच, वर्ष-दोन वर्षांत संपवायची असते. स्वस्त गोड पोर्टवरून पारख करू नका, तिच्यात द्राक्षाची चव साखरेखाली दबून जाते. पांढरी चांगली गार करून घ्यावी. तांबडीही मुंबईच्या उकाड्यात पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी.

पेला तिसरा हिस्साच भरा. आधी उजेडात धरून रंग बघा. मग पेला फिरवून वास घ्या. इथे शेतकरी शहरी माणसाच्या पुढे असतो. पेरू, लिंबू, जांभूळ, मिरी हे वास त्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. मग लहान घोट तोंडात फिरवा. जिभेच्या कडेला झोंबते ते आम्ल. हिरड्या आवळल्यासारख्या होतात तो सालीचा आणि बियांचा तुरटपणा, कच्च्या जांभळासारखा. गोडी, आंबटपणा, तुरटपणा यांपैकी एकही वरचढ नसेल तर वाईन जमली.

खरा फायदा पुढेच आहे. कॅबर्नेला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास जास्त येतो? माल कच्चा तोडला. चव पाणचट आहे? बहुतेक वेलीवर घड जास्त ठेवले. कुजक्या अंड्याचा वास? त्याची इतरही कारणे असतात, पण तोडणीच्या तोंडावर केलेली गंधकाची फवारणी हे एक. भुरी लागलेला घड क्रेटमध्ये गेला तर त्याचाही वाईट वास उतरतो. व्हिनेगरसारखी आंबट झाली तर मात्र दोष बहुधा बागेचा नाही, हवा लागल्याचा आहे. एवढे कळले की वायनरीचा माणूस भाव कापतो तेव्हा त्याचे कुठे खरे आणि कुठे खोटे, हे तुम्ही तोंडावर सांगू शकाल.

आमच्या गळ्यात माळ आहे, आम्ही काय करावे, असे कोणी विचारील. वास घ्यायला पेला तोंडाला लावावा लागत नाही, आणि अर्धी पारख वासातच होते. वाईन चाखण्याचे काम करणारी माणसेही घोट थुंकून टाकतात, नाहीतर दहा पेल्यांनंतर जीभ आणि डोके दोन्ही जातील. जे घेतात त्यांनीही कायद्याने ठरवलेले वय पाळावे, जेवणाबरोबर एखादा पेला आणि पुरे. वाईन म्हणजे औषध नव्हे, तीही दारूच.

गावच्या कारभाऱ्यांनाही एक सांगणे. आडवी बाटली म्हटले की आपल्याला गावातल्या महिलांचे मतदान आठवते, आणि ज्या गावाने ती आडवी केली तिथे तो निर्णय पाळलाच पाहिजे. परवान्याशिवाय वाईन करून विकणे हाही गुन्हाच आहे. पण द्राक्ष पिकवणाऱ्याला आपला माल पारखता येणे ही व्यसनाची गोष्ट नाही. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षे जातात. पुढच्या हंगामाचा करार करण्याआधी त्या बाटलीची किंमत दुकानात बघून या आणि आपल्याला किलोला काय मिळाले ते शेजारी मांडा. वायनरीत गेल्यावर आपल्याच बागेच्या टाकीतला पेला मागा, वास घ्या आणि मगच सही करा.