हातातील जीपीएस यंत्र निवडताना

शिरूर-दौंड भागात, घोड व भीमेच्या काठी, ऊस लागणीपूर्वी क्षेत्र काढण्यासाठी हातात धरावयाचे जीपीएस यंत्र घ्यावयाचे असल्यास प्रथम त्याची अचूकता पाहावी. अमेरिकेने संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली. तेव्हापासून साध्या यंत्रात, मोकळ्या आकाशाखाली, साधारणतः ३ ते ५ मीटरचा फरक राहतो. एक एकर चौरस शेताची बाजू सुमारे ६४ मीटर असते. ती ३ मीटरने चुकली तरी जवळजवळ २ गुंठ्यांचा फरक पडतो. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तो १ गुंठा, म्हणजे दहावा हिस्सा! त्यामुळे बेणे, खत, ठिबकच्या नळ्या यांचा अंदाज काढण्यास यंत्र चालेल. बांधाच्या वादात मात्र त्याचा आकडा पुढे करू नये. तेथे भूमी अभिलेख खात्याची मोजणीच घ्यावी.

मोबाईलमधील जीपीएसही जवळपास तितकेच अचूक असते. स्वतंत्र यंत्र घ्यावयाचेच तर ते बटणांचे (चिखलाच्या हातांनी काचेवर काम होत नाही), पाणी न शिरणारे व साध्या सेलवर चालणारे असावे. उभ्या उसात संदेश क्षीण होतो, म्हणून मोजणी लागणीपूर्वीच, बांधाच्या कडेने चालत करावी.