यादीतले आठवे नाव

गर्विष्ठ कौमांचा अंत म्हटला की आपल्याला आद, समूद आणि फिरऔन आठवतात. म्हणजे नेहमी दुसरेच. बायबलमधील ‘आमोस’ हा अवघ्या नऊ अध्यायांचा ग्रंथ नेमकी हीच सवय मोडतो.

आमोस यांचे नाव कुरआनात नाही. आजचे बायबल जसेच्या तसे ईशवाणी आहे असेही आपण मानत नाही. पण त्यातील जे कुरआनच्या शिकवणीशी जुळते, त्यातून बोध घ्यायला हरकत नसावी.

आमोस इ.स.पू. आठव्या शतकातले. यहूदा राज्यातील तकोवा गावचे मेंढपाळ. उंबराच्या झाडांचीही निगा राखत. त्यांनी उपदेश केला तो शेजारच्या इस्राएल राज्यात. तेथे यराबाम दुसरा गादीवर होता. सीमा वाढल्या होत्या, श्रीमंतांची घरे भरली होती आणि देव आपल्याच बाजूचा आहे, अशी लोकांची खात्री होती.

आमोस यांनी आधी शेजाऱ्यांचे गुन्हे सांगितले : दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणाऱ्यांना ते गोडच वाटले असेल. सातवे नाव यहूदाचे आले. आठवे खुद्द इस्राएलचे, आणि सर्वांत लांब आरोपपत्र त्याचेच होते. तुम्ही जोडाभर पायताणांसाठी गरिबाला विकता, माप लहान करता, तराजूत खोट ठेवता आणि हस्तिदंती पलंगांवर लोळता, असा त्याचा आशय होता. राजधानी शोमरोनच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे खरोखरच सापडले आहेत.

सर्वांत मोठा घाव वंशाच्या अभिमानावर होता. मिसरमधून सुटका झाली म्हणून तुम्ही वेगळे ठरत नाही. ईश्वराने इतर कौमांनाही एका देशातून दुसऱ्या देशात आणले आहे, असे आमोस यांनी बजावले. बेथेलच्या धर्मगुरूने त्यांना राज्यातून निघून जायला सांगितले. पुढे इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरच्या फौजांनी शोमरोन घेतले. अश्शूरही सुटले नाही. आपल्याच बळावर फुगलेल्या त्या साम्राज्याची राजधानी निनवे इ.स.पू. 612 मध्ये पडली.

कुरआन आपल्याला हेच सांगतो. सूरह निसामध्ये (4:123) स्पष्ट केले आहे की निवाडा ना तुमच्या इच्छेवर होईल, ना ग्रंथधारकांच्या. जो वाईट करील तो फळ भोगील. सूरह मुहम्मदमध्ये (47:38) इशारा आहे की तुम्ही तोंड फिरवले तर अल्लाह तुमच्या जागी दुसरे लोक आणील. अखेरच्या हजच्या वेळी पैगंबर मुहम्मद (स.) यांनीही अरब आणि बिगर-अरब यांच्यात तकवाखेरीज श्रेष्ठत्व ठेवले नाही.

म्हणून ‘आम्ही उम्मती’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. बहिणीचा वारसाहक्क दिला का? कामवालीची मजुरी वेळेवर दिली का? लग्न ठरवताना दीनदारी पाहिली की बिरादरी? इतर कौमांचे दोष मुलांपुढे मोजण्याआधी हे प्रश्न घरात विचारले पाहिजेत. मुले आपला इस्लाम आधी याच व्यवहारांतून पाहतात.

अल्लाह आपल्याला आधी स्वतःचा हिशेब घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.