लाकडी जहाजाची पुढची पायरी : अधिक तोफा की अधिक कठीण बांधणी?

लाकडी जहाजाची पहिली प्रतिकृती पुरी झाली की छांदिष्टासमोर लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : आता यापेक्षा अवघड कोणते? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. अधिक डोलकाठ्या, अधिक तोफा आणि मोठे खोके. ब्रिटनचे १०४ तोफांचे ‘व्हिक्टरी’ त्यामुळेच अनेकांच्या यादीत पहिले असते, आणि अर्धवट राहून माळ्यावर जाणाऱ्या सांगाड्यांतही त्याचा वाटा मोठा असतो. वर्ष-दोन वर्षांची फुरसत आणि बऱ्यापैकी रक्कम ज्या कामात गुंतणार, त्याची निवड केवळ आकारावरून करणे महागात पडते. म्हणून आधी ‘अवघड’ या शब्दाचा अर्थ लावून घ्यायला हवा.

तीन प्रकारची अवघड कामे

पहिला प्रकार पुनरावृत्तीचा. एक तोफ, तिचा गाडा आणि तिला बांधणारे दोर करणे फारसे कठीण नसते. तेच काम शंभर वेळा सारख्याच नेटकेपणाने करणे कठीण असते. येथे कस लागतो तो चिकाटीचा. तोफा दुप्पट झाल्या म्हणून हाताला नवे कौशल्य येत नाही.

दुसरा प्रकार आकाराचा. सपाट तळाच्या डोरीला किंवा लहान मच्छीमार होडीला फळ्या लावणे सोपे, कारण त्या एकाच दिशेने वाकतात. गोलसर नाकाच्या जहाजात प्रत्येक फळी वाकते, पीळ खाते आणि टोकाकडे निमुळतीही होते. ती तशी न घडवता दाबून बसवली, तर शेजारच्या फळीवर चढते किंवा फट सोडते.

तिसरा प्रकार पुराव्याचा. तयार संचात प्रत्येक तुकडा लेसरने कापलेला असतो आणि पुस्तिकेत क्रम दिलेला असतो. संच नसेल तर आराखडा शोधावा लागतो. आराखडाही नसेल, तर चित्र, शिल्प किंवा वर्णन यांवरून जहाज मनात उभे करावे लागते. नवे जहाज निवडताना या तिन्हींपैकी एकाच बाजूने मोठी झेप घ्यावी. तिन्ही एकदम अंगावर घेतल्या तर काम बहुधा अडते.

आराखडा असलेले जहाज : ‘त्रिंकोमाली’

आकाराची परीक्षा द्यायची आणि पुराव्याची चिंता नको, असे वाटत असेल तर मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हा उत्तम आदर्श आहे. वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली सागवानात घडलेली ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. त्यामुळे प्रत्यक्ष जहाजाची छायाचित्रे विपुल मिळतात. ती ज्या ‘लेडा’ वर्गातील आहे त्या वर्गाची मापेही ज्ञात आहेत.

आराखड्याचे मोल काय असते, याची एक गोष्ट या जहाजाच्या जन्मातच आहे. इंग्लंडहून मुंबईकडे त्याचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढतीत नष्ट झाले. आराखड्यांची प्रत पुन्हा धाडावी लागली आणि बांधणी लांबली.

प्रतिकृतीच्या दृष्टीने हे जहाज मध्यम ते कठीण आहे. तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट. म्हणजे १:६४ या प्रमाणात केवळ सांगाडाच सुमारे ७१ सेंटिमीटर होतो. पुढे झेपावणारी काठी धरली की टेबलावर मीटरभराहून अधिक जागा हवी. खोके मागवण्यापूर्वी हा हिशेब घरातील कपाटाशी जुळवून पाहणे शहाणपणाचे.

आराखडा नसलेले जहाज : ‘कौंडिण्य’

गोमंतकीयांना मात्र याहून कठीण आणि याहून जवळचे एक जहाज उपलब्ध आहे. दिवाडी बेटावरील होडी इनोव्हेशन्सच्या गोदीत बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली केरळच्या कारागिरांनी शिवलेले ‘कौंडिण्य’ फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरले, २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला पोरबंदरहून मस्कतला निघाले. सुमारे २० मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद अशा या नौकेवर एकही तोफ नाही. तरीही प्रतिकृती म्हणून ती शंभर तोफांच्या जहाजाला भारी पडते.

याचे पहिले कारण बांधणीचा क्रम. बाजारातील बहुतेक संचांत आधी कणा आणि त्यावर आडवे छेद उभे राहतात. फळ्या नंतर चढतात. शिवलेल्या नौकांच्या परंपरेत हा क्रम उलटा असतो. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवत आधी कवच तयार होते आणि आतल्या फासळ्या त्यानंतर बसतात. सांध्यांवर काथ्याचा भरावा आणि राळ असते, खिळा नसतो. संच बांधून सरावलेल्या हाताला ही सवय मोडावी लागते. छेदांवर फळ्या चिकटवून वरून दोऱ्याचे टाके दाखवणे हा सोपा मार्ग आहे. काढता येईल अशा साच्यावर कवच शिवून मग साचा सोडवणे हा खरा मार्ग.

दुसरे कारण पुराव्याचे. पाचव्या शतकातील अशा नौकेचा कोणताही आराखडा उरलेला नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाज एवढाच मूळ आधार होता. नौदलाच्या तज्ज्ञांना त्यावरून रचना बसवावी लागली आणि आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने लहान प्रतिकृतीवर पाण्यातील चाचण्या केल्या. चौकोनी शिडे आणि सुकाणूचे काम करणारी वल्ही पाण्यात कशी वागतील, हे आधुनिक जहाजांवरून सांगता येत नव्हते. लहान प्रतिकृती केवळ शोभेची नसते, हे यातून दिसते.

हैदराबादमधील प्रती

चित्रावरून काम करणाऱ्याला हैदराबादचा एक फेरा उपयोगी पडेल. अजिंठा स्वातंत्र्यापूर्वी निजामाच्या राज्यात होते. त्या संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी लेण्यांचे जतन आणि नोंदणी केली. १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झालेला त्यांचा चार भागांतील ग्रंथ आजही संदर्भासाठी वापरला जातो. हैदराबादच्या पब्लिक गार्डन्समधील राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतींचे स्वतंत्र दालन आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या शहरात जहाजबांधणीच्या अभ्यासाचे एक टोक सापडते ते असे.

प्रती पाहण्याचे प्रयोजन रंगांपुरते तरी स्पष्ट आहे. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून बोलावलेल्या दोन तज्ज्ञांनी सुटू पाहणारी चित्रे पक्की केली. परंतु त्या वेळी चढवलेला लेप पुढे काळवंडला. त्यामुळे अलीकडच्या छायाचित्रांत दिसणारी तपकिरी छटा हा जहाजाच्या लाकडाचा रंग समजून प्रतिकृती रंगवणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील जहाजात तीन डोलकाठ्या, उंच शिडे आणि रांगेने मांडलेले रांजण दिसतात. चित्रकाराने प्रमाण पाळलेले नाही, हेही लक्षात येते. चित्र काय सांगते आणि आपण काय ठरवले, याची वही ठेवणे म्हणूनच आवश्यक.

माप, लाकूड आणि हवा

अशा नौकेसाठी माप ठरते ते टाक्यांवरून. १:४८ प्रमाणात ‘कौंडिण्य’ सुमारे ४२ सेंटिमीटरची होते आणि प्रत्यक्षातील दोन सेंटिमीटर जाडीची दोरी ०.४ मिलिमीटरवर येते. १:२४ घेतले तर नौका ८३ सेंटिमीटर आणि दोरी ०.८ मिलिमीटर. टाके डोळ्यांना दिसावेत आणि बोटांना जमावेत, यासाठी मोठे प्रमाण बरे. मात्र जागाही दुप्पट लांबीची लागते.

खरे जहाज सागवानाचे असले तरी लहान प्रतिकृतीला साग शोभत नाही. त्याचा रेषा भरड असतो आणि लहान मापात तो फळीपेक्षा मोठा भासतो. शिवाय त्यातील तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. हळदूसारखे एकसारख्या बारीक रेषेचे लाकूड अधिक योग्य.

हवेचा विचार सर्वांत दुर्लक्षित राहतो. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. गोव्याच्या पावसाळ्यात चिकटवलेल्या फळ्या हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात नेल्या तर फटी पडू शकतात. उलट प्रवासात त्या उचलल्या जातात. लाकूड आणल्यावर काही आठवडे ते कामाच्या खोलीतच मोकळे ठेवावे, आणि फळ्या लावण्याचे काम शक्यतो एकाच ऋतूत उरकावे.

निवडीची कसोटी

ज्याने एकच संच पुरा केला आहे, त्याने गोल नाकाचे पण एक-दोन डोलकाठ्यांचे जहाज घ्यावे. फळ्या न उचलता बसू लागल्या की ‘त्रिंकोमाली’च्या जातीची फ्रिगेट आवाक्यात येते. संचाविना काम करण्याची इच्छा झाली तर शिवलेली नौका. येथे पैसा कमी आणि विचार अधिक खर्च होतो.

शिवलेल्या नौकेचा निर्णय पक्का करण्यापूर्वी एक छोटी चाचणी पुरेशी आहे. वीतभर लांबीच्या चार फळ्या वाकवाव्यात, कडांना समान अंतरावर छिद्रे पाडावीत आणि मेण लावलेल्या दोऱ्याने त्या एकमेकींना शिवाव्यात. चौथी फळी शिवून होईपर्यंत पहिलीचा टाका सैल झाला नाही आणि शिवणाऱ्याचा उत्साहही उरला, तर जहाज ठरले असे समजावे. उत्साह मावळला तर नुकसान चार फळ्यांचे. माळ्यावर आणखी एक खोके जाणार नाही.