अंगणातला राखणदार आणि वाळूमाशी

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या शाक्रियाबा आदिवासींच्या वस्त्यांत अभ्यासकांना कुत्र्यांमध्ये लिशमॅनियासिस या परजीवीजन्य आजाराचा संसर्ग आढळला आहे. डासाहूनही लहान असलेली वाळूमाशी बाधित कुत्र्याला चावते, त्याच्या रक्तातून परजीवी उचलते आणि पुढे माणसाला चावून तो पसरवते. खुराड्याजवळची ओलसर, पालापाचोळ्याची माती तिला वाढायला पोषक ठरते.

आजारी कुत्रा खंगतो, डोळ्यांभोवतीचे केस झडतात, नखे वेडीवाकडी वाढतात. पण अनेक बाधित कुत्री धडधाकटच दिसतात, म्हणून रक्ततपासणी महत्त्वाची.

भारतातला काळा आजार हाही लिशमॅनियासिसचाच प्रकार; तो मात्र मुख्यतः माणसाकडून माणसाकडेच पसरतो.

जिथे आजार कुत्र्यांमधून पसरतो, तिथे कुत्र्याच्या गळ्यात डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा पट्टा बांधला, तर माशी दूर राहते. अंगण स्वच्छ ठेवणेही तितकेच गरजेचे आहे.