ब्लोअर बंद पडला म्हणजे मोटरच जळाली?

नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर चढला होता आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. या दोन्ही टोकांना गाडीत हवा सोडणारा पंखा एकच. हीटरचा ब्लोअर वेगळा नि एसीचा वेगळा, हा समज झेन किंवा सँट्रोसारख्या, कंपनीतूनच एसी घेऊन आलेल्या गाड्यांना लागू पडत नाही. (डॅशबोर्डखाली बाहेरून एसी बसवलेल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरची गोष्ट निराळी.) म्हणूनच उन्हाळ्यात हवा कमी झाली की ‘गॅस संपला’ हे निदान घाईचं ठरतं. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. शिवाय गॅस कमी असला तर हवा गरम येते, तिचा जोर घटत नाही. जोर घटला तर आधी हवेची वाट तपासावी. कूलरच्या ताट्या चोंदल्या की मोटर धडधाकट असूनही वारा लागत नाही, तसंच इथे.

ब्लोअर गप्प झाल्यावर थेट नवी मोटर आणणं ही दुसरी घाई. पहिल्या तीन नंबरांवर पंखा हलत नाही आणि चौथ्यावर जोरात फिरतो, तेव्हा मोटर शाबूत असते. गेलेला असतो रेझिस्टर, कारण पूर्ण वेगात वीज त्याला वगळून जाते. कुठल्याच नंबरावर फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि अर्थिंग पाहावं, मग मोटरच्या प्लगवर मल्टीमीटर लावावा. बारा व्होल्ट पोहोचतात आणि तरी पंखा फिरत नाही, तेव्हाच दोष मोटरचा. हलक्या ठोक्याने ती सुरू झाली, तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेत. नुसती खडखड असेल तर पंख्यात अडकलेलं पानही पुरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ काचेखालच्या जाळीवर साचते आणि अनेक जुन्या गाड्यांत तिला अडवणारा फिल्टरच नसतो.

यावर मेकॅनिक म्हणतात, डॅशबोर्ड दोनदा खोलण्यापेक्षा सगळंच बदला. त्यात निम्मं तथ्य आहे. जड फिरणारी मोटर जास्त वीज ओढते आणि नवा रेझिस्टरही जाळते, त्यामुळे पंखा हाताने फिरवून बघायलाच हवा. पण बऱ्याच गाड्यांत मोटर नि रेझिस्टर ग्लोव्ह बॉक्समागेच हाती लागतात, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. खरी चूक होते ती जोडताना. प्लस-मायनस उलटं झालं तरी पंखा फिरतो, हवाही पुढेच येते, पण मरगळलेली; आणि पुन्हा दोष गॅसवर जातो.

नवतप्याच्या आधीच ही तपासणी उरकून घ्या. मोटर बदलायची असेल तर जुन्या मोटरच्या प्लगवरचं व्होल्टेज समोर मोजून दाखवायला सांगा. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा कधीही बसवू देऊ नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.