आपल्या नावावर कोर्टाची डिक्री आहे का, हे कसं शोधायचं?

या भागानंतर बऱ्याच जणांनी "स्टेप्स लिहून द्या ना" असं सांगितलं, म्हणून जे बोललो तेच इथे थोडं नीट करून देतोय.

मागच्या पावसाळ्यात एका अनोळखी नंबरवरून मला व्हॉट्सॅपवर पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, आणि मजकूर असा की तुमच्याविरुद्ध डिक्री झाली आहे, आजच पैसे भरा, नाहीतर उद्या घरी जप्ती. खाली पैसे भरायची लिंक. पोटात गोळाच आला. काही वर्षांपूर्वी बाईकचे हप्ते थकले होते, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली होती, आणि मी समजत होतो की गाडी गेली, विषय संपला. तसं नसतं. गाडी लिलावात विकून जे पैसे येतात ते कर्जातून वजा होतात आणि उरलेली रक्कम आपल्याच डोक्यावर राहते.

ती पीडीएफ बनावट निघाली. पण ती बनावट आहे का हे शोधताना कळलं, की डिक्री खरोखरच झाली होती. पाच महिन्यांपूर्वी.

आता शोधायचं कसं? आपल्याकडे "याच्या नावावर कर्जाचे किती निकाल आहेत" हे एका जागी दाखवणारं रजिस्टर नाही. सिबिल रिपोर्टमध्ये "सूट फाइल्ड" असा एक रकाना असतो, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो जरूर बघा. पण तो रकाना सावकाराने भरला तरच भरलेला असतो. तो कोरा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका.

खरी जागा म्हणजे ई-कोर्ट्स सर्व्हिसेस. ॲप आहे, वेबसाइटही आहे, दोन्ही फुकट. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका, स्वतः उघडा. मेसेजवाल्याकडे आधी सीएनआर नंबर मागा. प्रत्येक केसचा हा १६ अक्षरी नंबर असतो, आपल्याकडचा 'एमएच'ने सुरू होतो. तो टाकला की केस समोर. मी मागितला तर समोरच्याने मला ब्लॉक केलं! (व्हॉट्सॅपवर आलं म्हणजे खोटंच असंही नाही हं. म्हणून तर नंबर मागायचा.)

नंबर नसेल तर नावाने शोधायचं: राज्य, जिल्हा, कोर्ट कॉम्प्लेक्स, मग पार्टीचं नाव आणि वर्ष. मी इथेच दोन दिवस घालवले. एकतर वर्ष टाकावंच लागतं, म्हणजे हप्ता चुकला त्या वर्षापासून आजपर्यंत एकेक वर्ष टाकून बघायचं. दुसरं, नाव इंग्रजीत. माझं आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहितात, आणि मी सोडून सगळ्यांनी वेगळंच लिहिलेलं असतं. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका आणि यादी वाचत बसा. आणि "पेंडिंग" व "डिस्पोज्ड" दोन्ही बघा. निकाल झालेली केस पेंडिंगमध्ये दिसणारच नाही, मी आधी तेवढंच बघून खूश झालो होतो.

जिल्हाही फक्त तुमचा बघून भागत नाही. साधा दावा बहुतेकदा प्रतिवादी राहतो तिथे किंवा व्यवहार झाला तिथे लावतात. चेक बाऊन्सची १३८ ची केस मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर, पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे चालते. म्हणजे तुम्ही लातूरचे आणि केस मुंबईत, असं होऊ शकतं. ही केस फौजदारी असते, गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं, म्हणून ती आधी शोधा.

केस सापडली की "डिस्पोज्ड" वाचून घाबरू नका. दावा फेटाळलेला असला तरी तेच लिहिलेलं असतं. खाली ऑर्डर्समध्ये जाऊन शेवटचा निकाल वाचा. माझ्या केसमध्ये "एकतर्फी" असा शब्द होता. समन्स जुन्या रूमच्या पत्त्यावर गेलं, मी तिथे नव्हतो, मग दारावर चिकटवलं. घरमालकांनी ते बहुतेक रद्दीत घातलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकतर्फी डिक्री रद्द करून घ्यायला ३० दिवस मिळतात. समन्स रीतसर मिळालं असेल तर ते डिक्रीच्या तारखेपासून मोजतात. मिळालंच नसेल, तर तुम्हाला डिक्री कळली त्या दिवसापासून. दारावर चिकटवणं किंवा पेपरात जाहिरात देणं ही बदली बजावणी या हिशेबात रीतसर धरत नाहीत, हे १९६३ च्या मुदत कायद्यातच लिहिलंय. म्हणजे तुम्ही ॲपवर शोधलंत आणि सापडलं, की घड्याळ सुरू. स्क्रीनशॉट काढा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. फी परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा, ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन निकालाची नक्कलही घ्या. (समरी दावा असेल तर नियम जरा कडक आहेत, ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.)

गप्प बसलात तर समोरचा दरखास्त लावतो, म्हणजे वसुलीचा अर्ज, आणि त्यासाठी त्याच्याकडे १२ वर्षं असतात. पगार जप्त झाला तरी सगळा जात नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात.

ई-कोर्ट्सवर न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत. फायनान्स कंपन्या बऱ्याचदा लवादाकडे जातात. लवादाचा निवाडा डिक्रीसारखाच वसूल होतो, पण दरखास्त लागेपर्यंत कोर्टाच्या नोंदीत येत नाही. कंपनीला लेखी विचारा आणि निवाड्याची प्रत मागा. बँकेचं २० लाख किंवा त्याहून जास्त कर्ज असेल तर डीआरटीची वेबसाइट वेगळी आहे. लोकअदालतीची नोटीस म्हणजे निकाल नव्हे. तिथे तुम्ही तडजोडीला हो म्हटलं तरच निवाडा होतो.

आणि पतसंस्था! माझे मामा मित्राला जामीन राहिले. मित्राने पैसे भरले नाहीत आणि मामांच्या घरी थेट जप्तीची नोटीस आली. मी लगेच ॲपवर शोधलं, काहीच नाही. कारण तिथे कोर्ट नसतंच. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. त्या दाखल्याविरुद्ध रिव्हिजन करायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. तुम्ही कुणाला जामीन असाल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात जाऊन दाखल्याची चौकशी करा. मामा म्हणाले, "सही करताना चहा पाजला होता रे, तो लई महाग पडला."

माझ्या केसचं विचाराल तर अर्ज २२ व्या दिवशी दिला. कोर्टाने समोरच्याला २,००० रुपये खर्च द्यायला लावून डिक्री रद्द केली. दावा आता पुन्हा चालू आहे, लिलावाचा हिशेब मी मागितलाय. पुढची तारीख ॲपमध्ये दिसतेय, १९ तारीख.